वाचक विचारतात: टायपिस्टबाई परत येतायत

या महिन्याचं प्रश्नोत्तराचं सदर संपादकांनी माझ्या हवाली केलंय. ओळख एवढीच की मी परळला राहते, दिवसा नोकरी करते, रात्री टायपिस्टबाईंच्या रहस्यकादंबऱ्या लिहिते आणि त्या स्वतःच काढते. प्रकाशक मीच, वितरक मीच आणि गोडाऊन म्हणजे आमच्या पलंगाखालची जागा. पत्रं भरपूर आली, त्यात बरेच प्रश्न तेच तेच होते म्हणून एकत्र केलेत. ज्यांनी फक्त "छान लिहिता" असं कळवलंय त्यांचे आभार, त्यावर काय उत्तर देणार.

ताई, दुसऱ्या भागात टायपिस्टबाईंच्या टेबलावर बदलीचा कागद आणून ठेवलात आणि पुस्तक संपवलंत. हे काय वागणं झालं? तिसरा कधी?
एक वाचक, डोंबिवली

डिसेंबरमध्ये. लिहून झालंय, संपादन झालंय, सध्या दुसरं प्रूफ चालू आहे. आणि हो, बदलीचं काय झालं ते पहिल्याच प्रकरणात कळेल, तेवढा छळ मी करत नाही.

ज्यांना मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबईत पूर्वी कॉरोनर कोर्ट होतं, १८७१ च्या कायद्याने चालणारं. कोणी संशयास्पद रीतीने मेलं की तो माणूस कसा मेला एवढ्याच प्रश्नाची चौकशी तिथे व्हायची, साक्षी व्हायच्या, निष्कर्ष लिहिला जायचा. गुन्हेगाराला शिक्षा करणं हे त्यांचं कामच नव्हतं. माझी बाई तिथे बसून साक्षी टाइप करते. कोर्टात सगळे साक्षीदाराकडे बघतात, वकिलाकडे बघतात, टायपिस्टकडे कोण बघतंय, पण प्रत्येक शब्द तिच्या बोटांखालून जातो आणि कोण कुठे अडखळलं ते तिला बरोब्बर माहीत असतं.

१९९९ साली मुंबईतलं कॉरोनरचं पदच रद्द झालं. तिसरं पुस्तक त्याच वर्षातलं आहे. ऑफिस बंद होणार, फायलींचे गठ्ठे सुतळीने बांधणं चाललंय, आणि एका जुन्या फायलीत मूळ प्रत आणि तिची कार्बन कॉपी यांच्यात एक ओळ वेगळी सापडते. आता ज्यांनी टाइपरायटर वापरलाय त्यांच्या लगेच लक्षात येईल, कार्बन कॉपी ही मूळ प्रतीबरोबर त्याच ठोक्याला उमटते, ती वेगळी असूच शकत नाही. म्हणजे मूळ पान कोणीतरी नंतर पुन्हा टाइप करून लावलंय. आणि ज्या मशीनवर केलंय त्या मशीनचा 'ळ' थोडा वर बसतो. बास, याहून जास्त सांगणार नाही.

पुस्तकाचं नावही विचारलंय बऱ्याच जणांनी. चित्रकाराला दोन नावं देऊन ठेवलीत, कव्हरवर जे बसेल ते.

दिवाळीत का नाही, असंही विचारलंय. अहो, ऑगस्ट ते ऑक्टोबर छापखान्यात पाय ठेवायला जागा नसते, सगळीकडे दिवाळी अंकांची घाई, त्यात आपलं पाचशे प्रतींचं काम म्हणजे "ठेवून जा मॅडम, बघतो". शिवाय पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पितो, लॅमिनेशन केलेलं कव्हर वळतं, आणि नवं कोरं पुस्तक टेबलावर ठेवलं की त्याचं तोंड उघडंच राहतं. डिसेंबर बरा.

दुसऱ्या भागात सर्व पात्रे 'व्हीटी' म्हणतात. स्थानकाचे नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. लेखिकेने थोडा अभ्यास करावा.
निवृत्त शिक्षक, मुलुंड

सर, नमस्कार. गोष्ट डिसेंबर १९९५ मधली आहे. नाव बदललं १९९६ साली, आणि त्यात 'महाराज' आलं २०१७ मध्ये. त्यामुळे माझ्या हवालदाराने त्या रात्री टॅक्सीवाल्याला व्हीटीच सांगितलं असणार. खरं तर आजही सांगेल. फोन नंबर सात आकडी कसे, असंही तुम्ही पुढे लिहिलंय. मुंबईच्या नंबरांच्या पुढे २ लागला तो २००२ साली.

पण तुम्ही इतकं बारीक वाचता याचा मला आनंदच आहे. तिसऱ्याचं शेवटचं प्रूफ वाचायला पाठवू का? हे मी खरंच विचारतेय, संपादकांकडे कळवा.

नव्वदचंच दशक का? आजच्या मुंबईत खून होत नाहीत का?
कॉलेजची विद्यार्थिनी, अंधेरी

होतात की. पण आज टॉवर लोकेशन असतं, कोपऱ्याकोपऱ्यावर सीसीटीव्ही असतो, आणि मेलेल्याच्या मोबाईलमध्ये अर्धी उत्तरं. लिहिता येतं, लोक उत्तम लिहितात, पण मला ती गोष्ट तांत्रिक वाटायला लागते. १९९५ मध्ये मोबाईल नुकता आला होता, मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, येणाऱ्या कॉललाही पैसे, त्यामुळे तो फक्त बिल्डरच्या हातात. बाकीच्यांकडे पेजर (त्यावर फक्त निरोप यायचा) नाहीतर पीसीओ, म्हणजे पैसे देऊन फोन करायचं बूथ. पीसीओवाला पोरगा ही रहस्यकथेला मिळालेली देणगी आहे बघ, काचेच्या खोपट्याबाहेर बसून मीटरकडे बघत असतो आणि आतलं निम्मं ऐकत असतो. शिवाय माणूस घरातून निघाला की पोचेपर्यंत कोणालाच माहीत नसायचं तो कुठे आहे. त्या दीड तासातच माझं सगळं कथानक राहतं.

मॅडम, भाषा चांगली आहे तुमची. मग हे खूनबिन सोडून गंभीर साहित्य कधी लिहिणार?
हितचिंतक, विलेपार्ले

हा प्रश्न दर वेळी येतो आणि नेहमी हितचिंतकांकडूनच येतो.

तुमच्या जवळच्या वाचनालयात जा, रहस्यकथांच्या कपाटातलं कुठलंही जुनं पुस्तक काढा आणि मागे चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघा. एकावर एक चिकटवून जाड झालेली असते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, गिरणीत पाळी करून आलेल्या माणसाने ती वाचली आणि त्यातून कित्येकांना वाचायची सवय लागली. खून कोणी केला हे शेवटच्या पानापर्यंत लपवायचं आणि तरी शेवटी वाचकाला फसवलं असं वाटू द्यायचं नाही, हे काम गंभीरपणे केल्याशिवाय जमत नाही हो. त्यामुळे उत्तर असं, की लिहितेच आहे.

स्वतः पुस्तक काढायला खर्च किती येतो? सुटतो का?
हा प्रश्न जवळपास प्रत्येक तिसऱ्या पत्रात

माझ्या दुसऱ्या पुस्तकाचा हिशोब उघड करते, मग तुम्हीच ठरवा. डेमी साइझ, २०८ पानं म्हणजे सोळा पानी १३ फर्मे, आत ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) नॅचरल शेड म्हणजे किंचित पिवळसर कागद, ५०० प्रती, ऑफसेट. प्रत साधारण ९० रुपयांना पडली. किंमत ठेवली २८०. लोकांना वाटतं वा, १९० रुपये सुटले. थांबा. दुकानदार ४० टक्के घेतो, म्हणजे ११२ गेले, उरले १६८. त्यातून छपाईचे ९० गेले, उरले ७८. आता संपादक, मुद्रितशोधक आणि कव्हरचा चित्रकार मिळून ४०,००० दिले होते, ते ५०० प्रतींवर वाटले की प्रतीमागे ८० रुपये. म्हणजे सगळी पुस्तकं दुकानातून गेली असती तर प्रत्येक प्रतीवर मी वाचकाला दोन रुपये देऊन वर धन्यवाद म्हटलं असतं.

दुकानदाराला दोष देऊ नका, दादरसारख्या ठिकाणी गाळ्याचं भाडं आणि न खपलेली पुस्तकं सांभाळायची जागा त्याच पैशातून येते. पण म्हणूनच स्वतंत्र लेखकाला निम्म्या तरी प्रती थेट विकाव्या लागतात आणि ईबुक काढावंच लागतं, त्यात कागद नाही आणि पलंगही लागत नाही.

काटछाट करायची तर कागदात करा, स्पॉट यूव्ही (कव्हरवर ठिकठिकाणी दिलेली चकाकी) आणि सोनेरी अक्षरं विसरा, प्रकाशन समारंभाचा हॉल तर आधी विसरा. संपादकाचे पैसे मात्र कापू नका. रहस्यकथेत पान ४० वर डावखुरा असलेला माणूस पान १७० वर उजव्या हाताने सही करतो, हे लिहिणाऱ्याला कधीच दिसत नाही.

पोस्टाचंही सांगून टाकते कारण बऱ्याच जणांना माहीत नाहीये. जुनं रजिस्टर्ड बुक पोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा आम्हा छोट्या लोकांचं कंबरडंच मोडलं होतं, मग मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १००, कर वेगळा. माझं पुस्तक पाकिटासकट ३०० च्या आत बसतं, उगाच नाही मी २०८ पानांवर थांबत. योजना शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, जाहिराती चालत नाहीत, मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं लागतं. पहिल्यांदा गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक हातात घेतलं. कव्हरवर शवागारातला पाय आणि अंगठ्याला बांधलेली चिठ्ठी. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "यातलं नक्की काय?" मी म्हटलं सांस्कृतिक. त्यांनी पान उलटलं, दोन परिच्छेद वाचले, शिक्का मारला आणि म्हणाल्या, "नवऱ्यानेच मारलंय ना?" नवऱ्याने नव्हतं मारलं, पण मी काही बोलले नाही.

मला एका प्रकाशकांकडून करार आलाय, पहिलीच कादंबरी आहे (भयकथा). ते म्हणतात सगळ्यांचा हाच असतो, सही करून पाठवा. करू का?
नवा लेखक, कल्याण

आधी अभिनंदन. आता सही करायच्या आधी चहा घेऊन शांतपणे बस आणि तीन गोष्टी शोध: कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी.

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यातलं १९ वं कलम लेखकाच्या बाजूने बरंच काही सांगतं, फक्त आपण ते वाचत नाही. हक्क द्यायचे तर लेखी आणि तुझ्या सहीनेच. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन वर्षभरात वापरलेच नाहीत तर ते परत येतात, अर्थात करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. तिथेच खरी मेख असते. कारण तुझ्यासमोरच्या कागदावर बहुतेक वेगळंच लिहिलेलं असणार, "संपूर्ण कॉपीराइट कालावधीसाठी, सर्व माध्यमांत, जगभर" वगैरे. कॉपीराइटचा कालावधी म्हणजे तुझं आयुष्य अधिक साठ वर्षं. तुझी नातवंडं म्हातारी होतील तोपर्यंत.

माझंच सांगते. तिसऱ्या पुस्तकासाठी मलाही एक प्रकाशक भेटले होते, माणसं सभ्य, कॉफी पाजली, मालिका आवडली म्हणाले. करारात छापील पुस्तकाबरोबर ऑडिओ, वेब सीरिज, अनुवाद आणि टायपिस्टबाई हे पात्रसुद्धा. म्हणजे चौथी गोष्ट लिहायची तर मीच त्यांची परवानगी काढायची. मी म्हटलं छापील मराठी आवृत्ती घ्या, पाच वर्षांसाठी, बाकीचं माझ्याकडे राहू दे. ते नाही म्हणाले, मी पण नाही म्हटलं, भांडणबिंडण काही नाही. मालिका लिहिणाऱ्याने एक वेळ रॉयल्टीत दोन टक्के कमी घ्यावेत पण पात्र सोडू नये, कारण गूढ, भय, विज्ञान, काहीही लिहा, वाचक पात्रामागे येतो.

तुझ्या बाबतीत लगेच नकार दे असं मी म्हणत नाहीये. चांगला प्रकाशक संपादन करतो, वाचनालयांपर्यंत पोचवतो, पलंगाखाली पुस्तकं ठेवावी लागत नाहीत. फक्त विचारून बघ, "ऑडिओ आणि दृश्य माध्यमाचं कलम काढाल का, मुदत पाच वर्षं कराल का?" विचारल्यावर किती वेळात आणि कुठल्या सुरात उत्तर येतं त्यावरून पुढची पाच वर्षं कशी जातील ते कळेल. आणि जे प्रकाशक तुझ्याकडूनच पैसे घेऊन वर हक्कही मागतात, त्यांच्याकडे अजिबात फिरकू नकोस.

आयएसबीएन विकत घ्यावा लागतो का? कोणीतरी पाच हजार सांगतंय.
गृहिणी (विज्ञानकथा लिहिते), ठाणे

नाही हो! आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात तो फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय एजन्सी आहे, सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा. थोडा वेळ लागतो म्हणून छपाईच्या तोंडावर करू नका. पाच हजारवाल्यांना नमस्कार करा.

आणि एक काम लोक विसरतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी ठरलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत द्यायची असते, त्यातलं एक आपल्या मुंबईतलं सेंट्रल लायब्ररी, फोर्टला टाऊन हॉलच्या इमारतीत. स्वतः पुस्तक काढलं की प्रकाशक तुम्हीच. आपल्या खुनाच्या गोष्टीची प्रत घेऊन त्या पायऱ्या चढताना जाम भारी वाटतं, पोस्टाने पाठवू नका, स्वतः जा.

श्रीलिपीत टाइप केलेली कादंबरी ईबुक करायची आहे. युनिकोड केलं तर अक्षरं तुटतात.
अनेकजण

तुटणारच, श्रीलिपीचे जुने फॉन्ट अक्षरं वेगळ्या पद्धतीने साठवतात. कन्व्हर्टर चालवा, पण नंतर 'र' कडे डोळ्यात तेल घालून बघा. दुसऱ्या, मारणाऱ्या, पायऱ्या या सगळ्यांमधला तो आडवा र हमखास रफार होऊन डोक्यावर जाऊन बसतो आणि आख्ख्या पुस्तकात 'दुसर्‍या'चं 'दुसर्या' होतं. शोधा आणि बदला, पण एका झटक्यात सगळं बदलू नका, नाहीतर 'सूर्या'चंही वाट्टेल ते होईल. मग फाइल मोबाईलवर उघडून वाचा, कॉम्प्युटरवर नको. वाचक मोबाईलवरच वाचणारेय.

टोपणनावाने लिहिलं तर चालेल का? ऑफिसमध्ये कळायला नको.
सरकारी कर्मचारी, मुंबई

चालतं की. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळू नये म्हणून. मिळालं. फक्त लक्षात ठेवा, टोपणनाव कोणाचं ते उघड झालंच नाही तर कॉपीराइट प्रकाशनापासून साठ वर्षं मोजतात, मृत्यूपासून नाही. आणि तुमच्या सेवानियमांत लेखनाच्या उत्पन्नाबद्दल काय म्हटलंय ते आधी बघा, कारण टोपणनाव बँकेत चालत नाही.

शवविच्छेदन, व्हिसेरा वगैरे इतकं नेमकं कुठून आणता? आमच्या घरी जेवताना वाचायला बंदी घातलीय.
चौकोनी कुटुंब, गिरगाव

निवृत्त माणसांकडून. मुंबईत कुठल्याही बागेत संध्याकाळी साडेपाचला जाऊन बसा, एखादे तरी निवृत्त हेड कॉन्स्टेबल, वॉर्डबॉय किंवा कोर्टातले शिरस्तेदार भेटतात आणि त्यांचं ऐकायला घरी कोणी तयार नसतं. व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, मिठाच्या संपृक्त पाण्यात बरणीत ठेवतात आणि सील करून कलिन्याच्या प्रयोगशाळेत पाठवतात, हे तसं पुस्तकातही मिळेल. पण सील करताना लाख वितळवायला मेणबत्ती कोणी आणायची यावरून भांडणं व्हायची, हे बाकावरच कळतं. मी नावं विचारत नाही आणि खऱ्या केसेस वापरत नाही, मृतांची माणसं अजून याच शहरात राहतात.

विषाचं प्रमाण मात्र मुद्दाम चुकीचं देते. ते दुरुस्त करणारी पत्रं कृपया पाठवू नका.

बाबांना आता दिसत नाही. ऑडिओ येणार का?
मुलगी, भांडुप

येणार, तिसरं छापून झालं की पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग सुरू करतोय, नाटकातल्या एक बाई वाचणार आहेत. तोपर्यंत थांबू नका. दृष्टी गेलेल्या वाचकासाठी पुस्तक ऐकण्याच्या स्वरूपात करून घ्यायला कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून मुभा आहे, तुम्ही स्वतः वाचून बाबांसाठी रेकॉर्ड केलंत तर मला काहीही विचारायची गरज नाही. संपादकांकडे पत्ता ठेवा, फाइल मी पाठवते.

खरं सांगतो, पहिला भाग व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली तीच वाचली. आता लाज वाटतेय. पैसे कुठे पाठवू?
प्रामाणिक चोर, विरार

मला पाठवू नका, दुसरा भाग दुकानातून विकत घ्या. दुकानदाराने दोन प्रती मागवल्या आणि दोन्ही गेल्या की तो पुढच्या वेळी चार मागवतो, हा माझा सगळ्यात मोठा फायदा आहे. आणि ज्या ग्रुपवर ती पीडीएफ आली तिथे एवढंच लिहा की तिसरा भाग डिसेंबरमध्ये येतोय. फुकट वाचणारेही वाचकच असतात, थोडे उशिरा सुधारतात.

शेजारच्या काकूंनी दुसऱ्या भागातला खुनी कोण ते जिन्यात सांगून टाकलं. आता वाचण्यात अर्थ आहे का?
चिडलेली, दादर

वाच गं. तिथे खुनी दोन आहेत. काकूंचं पुस्तक वाचनालयातलं असेल तर शेवटचं प्रकरण फाटलेलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि हे त्यांना तू अजिबात सांगू नकोस.